स्मृती जपणारे तीन सेल

शिकागोच्या विल्यम्स कंपनीच्या अभियंत्यांचं कौतुक करावं तेवढं थोडंच. १९९० च्या दशकातल्या त्यांच्या पिनबॉल मशीनांत खेळाडूंचे विक्रम जपायला तीन पेन्सिल सेल असत, आणि तेही थेट सीपीयू बोर्डावर बसवलेले. जिथं स्मृती, तिथंच क्षार! सेल गळतो, हिरवट थर तांब्याच्या रेषा पोखरतो आणि कुणा विक्रमवीराची तीन आद्याक्षरं राखण्याच्या कर्तव्यात अख्खा बोर्ड हुतात्मा होतो. उलटा प्रवाह अडवणारा डायोड शॉर्ट झाला, तर मशीन मोठ्या मनानं साध्या सेललाही चार्ज करू लागतं. हे धोरण सरकारी दप्तरखान्यांनीही उचलावं. कागद राखायला वाळवीच नेमावी. कागदांच्या इतक्या जवळ दुसरं कोण राहणार?

काही नतद्रष्ट लोक सेल वायरीनं बोर्डापासून लांब, खाली नेऊन ठेवतात. काही तर एनव्हीरॅम, म्हणजे विजेविनाही स्मृती जपणारी चिप, बसवतात. मग सेलच लागत नाहीत. एका अमेरिकन मालकानं मात्र ही चिप नम्रपणे परत केली. त्याचे सेल मेलेले असल्यानं मशीन चालू केलं की दर वेळी फॅक्टरी सेटिंग येतं, आणि मेव्हण्याचा विक्रम एका रात्रीपेक्षा जास्त टिकत नाही.