दादा, तेल कुठनं आणलंस?

बेंटनव्हिल, आर्कान्सा
दिवाळीनंतरचा शनिवार

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आईचा फोन आला होता. डीमार्टनं निपाणीच्या किराणावाल्यांचं कंबरडं मोडलं, असं तू रोज गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना ऐकवतोस म्हणे. पुढं तिनंच सांगितलं, की दर पंधरा दिवसांनी तू वहिनीला ओमनीत घालून कोल्हापूर गाठतोस आणि तिथल्या डीमार्टातनं तेलाच्या पिशव्या आणून आपल्या फळीवर मांडतोस! एजन्सीवाल्याच्या दरापेक्षा स्वस्त पडतं, ते पटलं. पण एका माणसाला ठराविकच पिशव्या मिळतात म्हणून तू एका रांगेत, वहिनी दुसऱ्या रांगेत, आणि दोघं ओळख दाखवत नाही? लग्नाला बावीस वर्षं झाली की रे. खोक्यात राहिलेलं बिल समोरच्या काकूंनी गल्लीत मोठ्यानं वाचलं, तेही कळलं.

लाज वाटून घेऊ नकोस. मी राहतो ते गाव म्हणजे वॉलमार्टचं माहेर. सॅम वॉल्टननं 1950 साली इथल्या चौकात दुकान घातलं, आपल्यासारखंच. हा गडी दुसऱ्यांच्या दुकानांत हिंडून भाव टिपून घ्यायचा, पुढं पुढं तर टेपरेकॉर्डर घेऊन. म्हणजे तुझं चाललंय ते बरोबरच आहे, फक्त तो वहिनीला नेत नसावा. 1962 साली त्यानं शेजारच्या रॉजर्सला पहिलं वॉलमार्ट काढलं आणि मग गावोगावच्या चौकातली दुकानं मिटत गेली. त्याचं चौकातलं दुकान तेवढं जपलंय. तिथं आता म्युझियम आहे. बेळगावला आपण पाहुण्यांना किल्ला दाखवतो, तसं मी ते दाखवतो.

इथल्या वॉलमार्टात पाट्या इंग्रजी आणि स्पॅनिश, शेजारी शेजारी. कुणी डांबराचा डबा घेऊन येत नाही, त्यामुळं सीमाभागातल्या माणसाला जरा चुकल्यासारखंच वाटतं. परवा कोथिंबीर आणायला गेलो आणि तंबू घेऊन आलो. चार माणसांचा. आम्ही तिघं, त्यात डोंगर कुणीच चढत नाही. ही म्हणाली, "कोथिंबीर?" टॉवेलही आणले होते, कोपऱ्यावरची चिठ्ठी घरी आल्यावर वाचली: मेड इन इंडिया. आईला सांग, तेच बॅगेत घालून आणतोय.

तंबू परत करता येईल, नव्वद दिवस घेतात म्हणे. आपल्याकडं नव्वद दिवसांत उधारी परत आली तर तू पेढे वाटशील.

आणि दारात फ्लिपकार्टचा पोरगा आला की त्याच्यावर डाफरत जाऊ नकोस. 2018 पासून ते दुकान बरंचसं आमच्याच गावच्या मालकीचं आहे. पाणी दे त्याला. पाहुणा आहे.

वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. वहीत माझ्या नावावर कॉलेजातले 340 रुपये अजून आहेत, असं आई म्हणाली. डिसेंबरात येतोय, रोख देतो. सूट किती?