लास्ट भाव

माझा पगार सांगायला मला लाज वाटत नाही, ऐकणाऱ्याला वाटते. महिना सहा हजार. "अहो, म्हणजे हाफ डे असेल ना?" असं म्हणत समोरचा माणूस आपणहूनच माझी बाजू सावरून घेतो. हाफ डेच. बदलापूर पूर्वेच्या एका सार्वजनिक वाचनालयात, देवघेवीच्या टेबलामागे, दुपारी चार ते रात्री आठ. सोमवारी सुट्टी.

सात वर्षांत मी पुस्तकांपेक्षा खुणा जास्त वाचल्या. आमच्याकडच्या बायका पुस्तक वाचून झालं की त्यात आपली खूण ठेवतात. पुस्तक घरी नेल्यावर चाळिसाव्या पानावर "अगं बाई, हे वाचलंय की!" होऊ नये म्हणून. कोणी एकविसाव्या पानाच्या आकड्याभोवती गोल काढतं, कोणी शेवटच्या पानावर इवलंसं स्वस्तिक. माझी खूण पंचविसाव्या पानावर, आकड्याखाली पेन्सिलीचा एक ठिपका. ठिपका दिसला की समजायचं, हे आपलं वाचून झालं, आता जागेवर ठेवून द्यायचं. 'पुस्तकांवर कोणत्याही प्रकारच्या खुणा करू नयेत' ही पाटी माझ्याच अक्षरात माझ्याच डोक्यावर टांगलेली आहे.

पगार एवढासा का, याचं उत्तर १९६७ च्या ग्रंथालय कायद्यात आहे. त्या कायद्यानं सरकार वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांत बसवतं आणि वर्गाप्रमाणे अनुदान देतं. पगार देत नाही, अनुदान देतं. हा फरक किराणावाल्याला पटवता येत नाही. २०२२ मध्ये सरकारनं अनुदान साठ टक्क्यांनी वाढवलं, तेव्हा मी घरी श्रीखंड आणलं होतं. मग कळलं, साठ टक्के ही फार मोठी वाढ असते, फक्त कशाच्या साठ टक्के हे विचारायचं नसतं. अनुदान वाटत वाटत माझ्यापर्यंत आलं तेव्हा महिना पाचशे रुपये उरले होते. पहिल्या महिन्याचे अर्धे श्रीखंडातच गेले.

मी पगारवाढीचा अर्जही केला होता. वाचनालयाचं टपाल माझ्याकडेच, त्यामुळे माझा अर्ज मीच स्वीकारला, आवक रजिस्टरात चढवला, क्रमांक ४१, आणि कार्यवाहांच्या फायलीला लावला. त्यांनी शेरा मारला, 'सभेपुढे ठेवणे'. सभेचं इतिवृत्तसुद्धा मीच लिहिते. त्यामुळे तो ठेवला गेला नाही हे मी खात्रीनं सांगू शकते.

तर अशी मी सुखात असताना तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी डोसापीठ परत करायला आल्या आणि डब्याबरोबर नोकरी ठेवून गेल्या. त्या उल्हासनगरला गजानन मार्केटजवळ एका कापडाच्या होलसेल दुकानात हिशेब बघतात. "मला हाताखाली बाई हवीय. बिलं बनवायची, पार्ट्यांना उधारीचे फोन करायचे. अकरा ते पाच. शेठ चौदापर्यंत देतील."

चौदा! गॅसवरची आमटी उतू गेली.

संध्याकाळी घरात चर्चासत्र भरलं. हे रोज सीएसएमटीला जातात. जाऊन-येऊन साडेतीन तास गाडीत असतात, त्यामुळे आयुष्यातले सगळे निर्णय लोकलच्या ग्रुपमध्ये घेतात. दुसऱ्या दिवशी निकाल घेऊन आले. "सात जण म्हणतात घे, दोघं म्हणतात घेऊ नकोस, आणि एक ठाण्यापर्यंत झोपला होता."

"तुमचं मत काय?"

"मी पत्ते वाटत होतो."

सासूबाईंनी थेट इतिहासात हात घातला. "या गावाचं नावच मुळी बदलापूर. महाराजांचे स्वार सुरतेकडे जाताना इथे घोडे बदलायचे म्हणून. आणि तुला एक नोकरी बदलता येत नाही?"

ही गोष्ट आमच्या गावात दर दुसरा माणूस सांगतो. मी बावीस वर्षं ऐकतेय. त्या दिवशी पहिल्यांदाच मनात आलं की घोडा बदलला म्हणजे नेमकं काय व्हायचं? स्वार ताज्या घोड्यावर बसून पुढे जायचा. दमलेला घोडा राहायचा इथेच, पेंढा खात.

मी हे मोठ्यानं बोलून बसले. मुलगी बारावी कॉमर्सला आहे, तिला प्रश्न विचारायला क्लासची गरज लागत नाही. "मग आई, तू स्वार की घोडा?"

"ती खरारा करणारी," सासूबाई म्हणाल्या.

रात्री सगळे झोपल्यावर मी वही घेऊन बसले. खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं, आणि न जायला कारण हवं होतं. अशा वेळी हिशेबासारखा आज्ञाधारक नोकर नाही. वाचनालय घरापासून दहा मिनिटांवर, चालत. चार तास काम, वीस मिनिटं जाणं-येणं, महिन्याचे सव्वीस दिवस. सहा हजारांना भागलं. तासाला पडले ५३ रुपये २५ पैसे. आता उल्हासनगर. काम सहा तास. घर ते स्टेशन शेअर रिक्षा, गाडीची वाट, गाडी, पलीकडे पुन्हा रिक्षा, धरून चाला जाता एक तास, येता एक तास. दिवसाचे आठ. पास आणि रिक्षा यांचे अठराशे वजा, चहा-वडापाव आणि 'आता बाहेर पडतेच आहे तर' या सदराखाली हजार वजा. राहिले अकरा हजार दोनशे. तासाला ५३ रुपये ८५ पैसे.

फरक साठ पैसे!

मी इतकी खूश झाले की यांना उठवलं. साठ पैशांसाठी कोणी नोकरी सोडतं का? हल्ली आठ आणे रिक्षावालासुद्धा घेत नाही. सकाळी नाश्त्याला मी वही सगळ्यांसमोर ठेवली. यांनी मान डोलावली. सासूबाई म्हणाल्या, "गॅसवाला तासावर पैसे घेतो का?" मुलीनं वही ओढून घेतली.

"आई, हिशेब चुकलाय. तिकडे आठ तास जातात, इकडे सव्वाचार. मग ते उरलेले पावणेचार तास तू काय करतेस?"

"घरातलं काम."

"त्याचा तासाला दर काय लावलास?"

कोणीच बोललं नाही. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला. हे डबा विसरून स्टेशनला गेले.

निदान शेठना भेटून यायचं ठरलं. दहाच्या सुमाराची गाडी धरली. आमच्या लेडीज डब्यात नाव, गाव, जात कोणी विचारत नाही, "कुठे उतरणार?" एवढंच विचारतात. घाटकोपर म्हणणारीला मान असतो, दादर म्हणणारीशी मैत्री ठेवतात. मी "उल्हासनगर" म्हणाले आणि आजूबाजूच्या चौघींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी पंगतीत नुसतं पाणी प्यायला बसले आहे. अंबरनाथ गेलं की उल्हासनगर. उण्यापुऱ्या दोन स्टेशनांसाठी ही बाई बदलापूरहून चढतेच का? अंबरनाथला तर अख्खा प्लॅटफॉर्म आत आला. उल्हासनगरला मी उतरले असं म्हणता येणार नाही. मला उतरवण्यात आलं. छत्री विठ्ठलवाडीकडे गेली. उजव्या चपलेचा अंगठा जागेवर तुटला.

तशीच फरफटत दुकानात पोचले. शेठ म्हातारे, पांढराशुभ्र शर्ट, मराठी माझ्याहून सरळ. "बसा मॅडम. बदलापूर? लांब राहता." मग स्वतःच म्हणाले, "लांब काय म्हणा. आमचे वडील सिंधमधून आले." फाळणीनंतर त्यांचं कुटुंब कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकीत उतरलं. तिथल्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं ८ ऑगस्ट १९४९ ला. "नाव नंतर आलं, मॅडम. धंदा आधी. वडील तोपर्यंत फेरी करून कापड विकायला लागले होते." कॅम्प एक ते कॅम्प पाच असे आकडे मात्र अजून लोकांच्या तोंडातून गेलेले नाहीत. पत्ता विचारला की गाव आधी नंबर सांगतं.

"पावसाळ्यात तुमची गाडी बंद पडते," शेठ म्हणाले. "ती एक्सप्रेस नव्हती का अडकली?"

जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. तेव्हापासून आमच्या गावाला जगात तेवढीच ओळख उरली आहे. आमच्याकडे जांभळंही उत्तम होतात, पण ती अडकत नाहीत, म्हणून बातमी होत नाही. मी म्हटलं, "शेठ, ती कोल्हापूरला चालली होती. मी नाही."

शेठ हसले. गल्ल्याचा ड्रॉवर उगाच उघडून बंद केला आणि म्हणाले, "चौदा."

मी म्हटलं, "विचार करून सांगते," आणि उठले. मला खरोखरच विचार करायचा होता. पण चार पावलं टाकते तोच चपलेचा अंगठा पूर्ण सुटला, म्हणून दारात थांबले.

मागून आवाज आला, "बरं, पंधरा."

मी वाकून चपलेशी झटत होते. वर बघायला उसंत नव्हती.

"साडेपंधरा! लास्ट. याच्यावर नाही परवडत, मॅडम. खरंच."

वहिनी काउंटरमागून माझ्याकडे अशा आदरानं बघत होत्या की चप्पल तुटलीय हे सांगायचा धीर झाला नाही.

परतीच्या गाडीत मला बसायला जागा मिळाली आणि तुटकी चप्पल पायाखाली घेऊन मी शरमले. याच मार्केटमध्ये मी वीस वर्षं ड्रेस मटेरियल घेतेय. त्यानं आठशे म्हटले की आपण साडेतीनशे म्हणायचं, त्यानं कपाळाला हात लावायचा, आपण उठायचं, पायरीशी हाक येते. पहिला भाव मान्य करणारीला तिथे दुकानदारसुद्धा मनातून हसतो. कोथिंबिरीच्या जुडीवर मिरच्या फुकट मिळाल्याशिवाय मी भाजीवालीसमोरून हलत नाही. आणि वाचनालयात? पहिल्या दिवशी त्यांनी आकडा सांगितला आणि मी "चालेल" म्हणाले. नंतर सात वर्षांत काय केलं, तर अर्ज. अर्जावर भाव ठरत नाही. भाव उठण्यावर ठरतो.

मग ठरवलं, तीच विद्या इथे वापरायची. दुसऱ्या दिवशी साडेसातला कार्यवाह आले. चष्मा कपाळावर ढकलून तपासणीची कागदपत्रं चाळत बसले. मी राजीनामा पुढे ठेवला आणि म्हटलं, "आठ हजार झाले तर राहते."

खरं सांगते, ते सात म्हणाले असते तरी मी राहिले असते. वहीतला हिशेब पुन्हा फिरवला असता, मुलीला उत्तर शोधलं असतं. फार काय, त्यांनी कपाळाला नुसता हात लावला असता तरी चाललं असतं.

ते म्हणाले, "अनुदानाचा दुसरा हप्ता अजून आलेला नाही."

मी उठले. पर्स खांद्याला लावली. कपाटांच्या मधल्या बोळातून सावकाश निघाले. कादंबऱ्या गेल्या, चरित्रं गेली, प्रवासवर्णनं गेली. बोळ लांब आहे, हाकेला भरपूर वाव. दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यापाशी मुद्दाम थांबून मी चप्पलही नीट केली. नवी होती, धड होती, तरी केली.

मागून आवाज आला, "अहो, ऐका."

मी ओठ घट्ट मिटून हसू आवरलं आणि वळले.

"जाताना तेवढा पंखा बंद करा."

पंखा बंद केला. मग टेबलाशी परत येऊन आवक रजिस्टर उघडलं, कारण पत्र माझं असलं तरी टपाल माझंच होतं. आवक क्रमांक ११२. विषय: राजीनामा. शेऱ्याच्या रकान्यात मी नेहमी 'सभेपुढे ठेवणे' लिहिते. लेखणी तिथे थांबली. मग पेन ठेवलं, पेन्सिल घेतली आणि आकड्याखाली एक ठिपका दिला.