प्रकाशनवीर

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की प्रकाशनवीर बाहेर पडतो. वय एकवीस-बावीस, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, बगलेत लॅपटॉप. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांची अर्जाची मुदत 15 डिसेंबरच्या आसपास संपते, तेव्हा हा त्याचा हंगाम. जीआरई झालेली असते, टोफेल झालेली असते. तीन सरांनी शिफारसपत्रं द्यायचं कबूल केलेलं असतं (मसुदा अर्थात ह्यानेच लिहून द्यायचा). विद्यापीठांची अँबिशिअस, मॉडरेट आणि सेफ अशी वाटणीही झालेली असते. गाडी अडते ती सीव्हीतल्या 'पब्लिकेशन्स' या मथळ्यापाशी, कारण त्याखाली कोरी जागा असते. आणि कोरी जागा प्रकाशनवीराला बघवत नाही.

मी कॉलेजात शिकवायचो, म्हणून सोसायटीतली पोरं सीव्ही 'जरा नजरेखालून घालायला' माझ्याकडे आणतात. यंदाच्या वीराच्या सीव्हीत सात प्रकाशनं होती. मी चष्मा लावला. आधी ठळक टायपात आडनाव आणि आद्याक्षरं. मग अवतरणचिन्हांत शीर्षक: 'मशीन लर्निंग शिकताना कळलेल्या दहा गोष्टी'. मग तिरप्या अक्षरांत 'मीडियम', आणि पुढे खंड 1, अंक 3.

"मीडियमला खंड आणि अंक कधीपासून आले रे?"

"तसं नाही काका. पहिल्या वर्षातला माझा तिसरा लेख होता ना तो."

दुसरं प्रकाशन म्हणजे त्याच लेखाचा उत्तरार्ध. तिसरं लिंक्डइनवरचं. चौथं कुणाच्या तरी प्रश्नाला दिलेलं उत्तर, तेही बऱ्यापैकी त्रोटक. पाचव्यापुढे 'अंडर रिव्ह्यू' असं लिहिलेलं. कुणाकडे आहे, विचारलं, तर रूममेटकडे. तो म्हणालाय, सबमिशन संपली की वाचतो.

"पण बाकीच्यांचं परीक्षण कुणी केलं?"

"खाली प्रतिक्रिया आहेत की!" त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. 'व्हेरी इनसाइटफुल', मामेभाऊ. 'प्राउड ऑफ यू बेटा', न्यू जर्सीची आत्या.

ह्याच्या आजोबांना मी ओळखायचो. वर्तमानपत्रांच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात त्यांची पत्रं यायची. पाण्याचा दाब, फूटपाथ, रिक्षांचे मीटर, असले विषय. संपादक त्यांचं पत्र निम्म्यावर आणायचे, दोन पत्रं पाठवली तर एक टोपलीत जायचं. जे छापून यायचं ते कापून, तारीख घालून फाइलला. नातवाच्या सातही प्रकाशनांचं मिळून जेवढं परीक्षण झालं नसेल, तेवढं आजोबांच्या मीटरवरच्या एका पत्राचं झालं होतं.

हे मी बोललो नाही. पण प्रकाशनवीर असल्या आक्षेपांची तयारी करूनच आलेला असतो. त्याचं पहिलं अस्त्र पेरेलमन. "त्यानेही ऑनलाइनच टाकलं होतं, काका!" खरं आहे. ग्रिगोरी पेरेलमनने 2002-03 मध्ये पॉइंकारे कंजेक्चरची सिद्धता अर्काइव्हवर ठेवली, जर्नलकडे पाठवायच्या भानगडीत पडलाच नाही, आणि 2006 मध्ये फील्ड्स मेडल दिलं तर तेही नाकारलं. मात्र त्या सिद्धतेची ओळ न् ओळ तपासत जगातले नाणावलेले गणिती काही वर्षं बसले होते. दहा गोष्टींचा लेख तपासायला अजून कुणी बसलेलं नाही.

दुसरं अस्त्र डीओआय. सर्न ही स्वित्झर्लंडमधली प्रयोगशाळा झेनोडो नावाचं भांडार चालवते. तिथे कुणीही आपलं काम चढवलं की त्याला डीओआय क्रमांक मिळतो, फुकट. "म्हणजे आता ऑफिशियल झालं." बाबा रे, तो कायमचा पत्ता आहे. घराला नंबर लागला म्हणून वास्तुशांत झाली असं होत नाही.

तिसरं अस्त्र त्याने खालच्या आवाजात काढलं: पैसे भरले की चार दिवसांत छापून देणारं जर्नल. नावात 'इंटरनॅशनल' असतंच. वर्गातल्या एका गटाने चेहरा ओळखून हजेरी घेण्याचा आपला प्रोजेक्ट तिथे छापून आणलाय म्हणे, आणि शेजारच्या गटानेही तोच. इथे मात्र मी आवाज चढवला. मीडियमवरचा लेख निदान स्वतः लिहिलेला तरी असतो.

आता, ऑनलाइन लिहिलेलं अर्जात सांगू नये असा काही दंडक नाही. 'इतर लेखन' असा मथळा द्यावा, दुवा द्यावा, मोकळं व्हावं. पण अर्ज वाचणाऱ्या प्राध्यापकाचा निम्मा जन्म परीक्षकांच्या शेऱ्यांना उत्तरं देण्यात गेलेला असतो. त्याच्यापुढे खंड 1, अंक 3 ठेवला की तो बिचारा उरलेला सीव्हीही संशयानेच वाचणार.

"तुझा तो बसवाला लेख कुठाय?" मी विचारलं.

एका पावसाळ्यात हा पठ्ठ्या कर्वे रस्त्यावरच्या थांब्यावर रोज संध्याकाळी वही घेऊन उभा राहायचा. बराच वेळ बस नाही आणि मग एकाच नंबरच्या दोन पाठोपाठ, असं का होतं? पुढच्या बसला जरा उशीर झाला की थांब्यांवर माणसं साठतात, ती चढेस्तोवर बस आणखी मागे पडते. मागचीला माणसंच कमी मिळतात, ती भराभर येऊन पुढचीला गाठते. न्यूएल आणि पॉट्स यांनी 1964 मध्येच हे गणितात मांडलं होतं. ह्याला ते ठाऊक नव्हतं, हा वहीतून तिथे पोचला. मागाहून त्यांचा निबंध मिळवला, लेखात त्यांना श्रेय दिलं, आणि आपल्या वहीतलं काय त्या गणितात बसत नाही तेही लिहिलं. मी तो लेख दोनदा वाचला होता.

"तो मराठीत होता ना," प्रकाशनवीर म्हणाला. "आणि बसवर. तो हॉबीजमध्ये टाकला होता, ट्रेकिंग आणि तबल्याच्या मध्ये. पण कन्सल्टंट म्हणाला सीव्ही दोन पानांतच हवा, मग काढला."

बाकीचे सात काढ आणि तो एक ठेव, असं मी बजावून सांगितलं. मान डोलावून गेला. रात्री साडेअकराला मेसेज आला: "काका, बसवाला टाकला. बाकीचे 'सिलेक्टेड पब्लिकेशन्स' म्हणून ठेवले तर चालतील ना?"