पाठमोऱ्या नायिका

एलिमेंटरीच्या परीक्षेत वस्तुचित्राचा पेपर मी हसत हसत सोडवला होता. तांब्या, पाट आणि दोन वांगी. वांग्यांवरची चकाकी अशी जमली होती की पर्यवेक्षक बाई दोनदा फेरी मारून गेल्या. दुसरा पेपर स्मरणचित्राचा. विषय: बसस्टॉपवरील दृश्य. मला चेहरे काढता येत नव्हते, पण आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी आधीच गुरुमंत्र दिला होता, ‘चेहरा जमत नसेल तर माणूस पाठमोरा उभा करा.’ मी अकरा माणसं पाठमोरी उभी केली. बस समोरून येत होती आणि ती कुठली आहे हे बघण्यात कुणालाच रस नव्हता.

या एका मंत्रावर मी पुढची पंचवीस वर्षं पोट भरलं आहे. पाठ्यपुस्तकातली शाळेत निघालेली मुलं, मलमाच्या खोक्यावरची कंबर धरलेली बाई, दिवाळी अंकातल्या कथांमधल्या खिडकीबाहेर बघणाऱ्या यच्चयावत स्त्रिया. संपादकांना वाटतं, काय ते सूचक चित्र! दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या बायका मुखपृष्ठावरून सरळ वाचकाकडे बघतात. माझ्या बायका पाऊस बघतात.

गेल्या वर्षी सोसायटीच्या गणेशोत्सव कमिटीने विचारलं, ‘तुम्ही चित्रकार ना? हॉलमध्ये काहीतरी लावा की. फक्त देव नकोत, देव आहेत.’ मी म्हटलं, नायिका लावते. सिनेमातल्या, कॉमिकमधल्या, एकूण बारा जणी. म्हणजे बारा चेहरे, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं.

सुरुवात नाडियापासून केली, कारण तिला मुखवटा आहे. मुखवट्यासारखा मित्र नाही, अर्धं काम परस्पर होतं. मूळची ऑस्ट्रेलियातल्या पर्थची मेरी एव्हान्स १९३५ साली वाडिया मूव्हीटोनच्या ‘हंटरवाली’त चाबूक घेऊन उतरली आणि नंतर धावत्या आगगाडीच्या टपावर मारामाऱ्या करत सुटली, त्याही स्वतःच. मी चाबूक काढला, घोडा काढला. प्रदर्शनात सहावीतला एक मुलगा म्हणाला, ‘ही कॅटवूमन आहे ना?’ मी अभिमानाने सांगितलं की कॅटवूमन १९४० सालची, आपली बाई तिच्या पाच वर्षं आधीची. तो म्हणाला, ‘मग हिने केस का नाही टाकली?’

दुसरी सौदामिनी. प्रभातच्या १९३६ सालच्या ‘अमरज्योती’त दुर्गाबाई खोटे समुद्रावर लुटालूट करणाऱ्यांची म्होरकी झाल्या होत्या. मी जहाज काढलं. शिडं, दोरखंड, लाटा, सगळं जिथल्या तिथे. सौदामिनी शिडाखाली, उंची दीड सेंटिमीटर. दोनशे तीनमधल्या काकू बराच वेळ बघून म्हणाल्या, ‘भाऊचा धक्का छान काढलाय हो.’

मधुबालाची अनारकली घ्यायची होती, पण शीशमहालात तिचं प्रतिबिंब प्रत्येक आरशात पडतं. जिला एक चेहरा येत नाही तिने शेकडो काढायचे? तो बेत मी सोडला. त्याऐवजी ‘स्टार वॉर्स’ची लिया घेतली. तिचे कानांवरचे दोन अंबाडे काढले की पुढे कुणी काही विचारत नाही. काकूंनी विचारलंच. ‘रिबिनी राहिल्या का गं?’

वंडर वूमन मात्र गाजली. १९४१ साली तिला जन्माला घालणारा मार्स्टन हा मानसशास्त्रज्ञ. रक्तदाब मोजून माणसाचं खोटं पकडायच्या खटपटीत त्याने बरीच वर्षं घालवली होती, आणि पुढे कॉमिक लिहिताना नायिकेच्या हातात असा दोर दिला की त्यात सापडलेला माणूस खरंच बोलतो. आमच्या घरी सासऱ्यांचं बीपीचं मशीन आहे, ते स्वतःच खोटं बोलतं. ही हकीकत मी चित्रापाशी उभी राहून चारचौघांना सांगत होते. उत्सवाचे खजिनदार ऐकता ऐकता ‘चहाचं बघून येतो’ म्हणून गेले, ते आरतीलाच दिसले. दुसऱ्या दिवशी तिच्या पोशाखावरून कमिटीत कुजबुज झाली. चित्र उतरवा असं तोंडावर म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. संध्याकाळी जाऊन बघते तर ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात’ ही पाटी बरोबर तिच्या गुडघ्यांपासून कंबरेपर्यंत लटकत होती.

चुकून एक गोष्ट जमून गेली. १९३७ सालच्या ‘कुंकू’मधली नीरा. फसवून बापाच्या वयाच्या नवऱ्याशी लग्न लावून दिल्यावर त्याला नवरा मानायला ती साफ नकार देते. शांता आपट्यांचा तो करारी चेहरा काढायची माझी काय बिशाद! मी सवयीने त्यांना पाठमोरं उभं केलं, मागे दारात म्हातारा. सी विंगच्या आजी काठी टेकत आल्या, चष्मा पुसून बघितलं. ‘नवऱ्याकडे पाठ केलीय होय?’ शेजारी त्यांचे यजमान उभे होते. त्यांच्याकडे न बघता आजी म्हणाल्या, ‘बरं केलं.’

एवढ्या शाबासकीने मी चढले आणि ‘सैराट’ची आर्ची घेतली. इथे तर ट्रॅक्टर होता! कल्याणच्या पुढे जाऊन दोन दिवस एका शेताच्या बांधावर बसून खऱ्या ट्रॅक्टरचं स्केच केलं. मालकाने दुसऱ्या दिवशी विचारलं, ‘ताई, बँकेकडून आलात का?’ चाकांच्या खाचा, त्यातला चिखल, धुराडं, सगळं वांग्यांच्या तोडीचं झालं. सीटवर आर्ची, अर्थात पाठमोरी.

लावण्याआधी चित्र भिंतीला टेकवून लांबून पाहिलं आणि कळलं की ही कुणीही आहे. आर्चीचा सगळा कारभार डोळ्यांत. ती रोखून बघते आणि लाजून मान खाली घालतो तो पोरगा. ट्रॅक्टर काय, कुणीही चालवेल. तिची पाठ काढणं म्हणजे नाडियाचा चाबूक काढून घेणं. झक मारत मी तिला वळवून बसवलं. टॅबवर काढत होते म्हणून बरं, कागद असता तर भोक पडलं असतं. नाक चौदा वेळा खोडलं. पहाटे तीनला एक चेहरा तयार झाला, तो रिंकू राजगुरूचा नाही एवढं मलाही दिसत होतं. पण तो बघत होता.

प्रदर्शनात लोक त्या चित्रापुढे थबकायचे, मग माझ्याकडे बघायचे आणि मग आमच्या सासूबाईंकडे. शेवटी काकूच म्हणाल्या, ‘अगं, या तर तुमच्या आई!’ मी घामाघूम. गेली एकोणीस वर्षं रोज स्वयंपाकघरात ज्या नजरेने माझ्या पोळ्यांकडे बघितलं गेलं होतं, ती हाताला पाठ होऊन बसली होती. सासूबाई पुढे आल्या. पदर खोचला. चित्राला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

‘ट्रॅक्टर नाही चालवला कधी,’ त्या म्हणाल्या. ‘बैलगाडी चालवलीय. माहेरी. शर्यतीत.’

हे त्यांच्या मुलालाही माहीत नव्हतं.

आर्ची आता आमच्या फ्रिजच्या वर लावली आहे आणि पोळ्या लाटताना मला दोन बाजूंनी बघितलं जातं. उरलेल्या अकरा जणी विसर्जनानंतर कमिटीने मीटर रूममध्ये नेऊन ठेवल्या. काचा फुटू नयेत म्हणून सगळ्या भिंतीकडे तोंड करून.