साधनांचा समेट घडवून आणण्याची सुलभ रीत

पुण्यात राहून प्रबंध लिहू इच्छिणाऱ्याने, ज्या रस्त्यावर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर उभे आहे त्या रस्त्याने शक्यतो जाऊ नये. कारण महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे कार्य या संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतले ते १९६६ मध्ये तडीस नेले, आणि सत्तेचाळीस वर्षे मुदतीची शिष्यवृत्ती अद्याप कोणास मंजूर झाल्याचे ऐकिवात नाही. तेथे चौकटी आखलेल्या कागदाच्या माथ्यावर प्रचलित पाठाचा श्लोक एका घरात एक अक्षर याप्रमाणे मांडीत आणि एकेका पोथीतील निराळे अक्षर नेमके त्याच घराखाली उतरवीत. मग काश्मीरची शारदा पोथी व केरळची मल्याळी पोथी, ज्यांनी परस्परांचे तोंडही पाहिले नसावे, एकच पाठ देऊ लागल्या म्हणजे आवृत्तीचे संपादक डॉ. सुकथनकर त्या साक्षीस विशेष मान देत. अक्षरागणिक एवढी जबानी घेत बसल्यास मार्गदर्शक सेवानिवृत्त होतात.

आपण साक्षीदारांची शिरगणती करावी. एका ग्रंथावरून पाच ग्रंथकारांनी मजकूर उतरून घेतला असल्यास ते सहा पुरावे समजावेत व सहाही तळटिपेत रुजू करावेत. तळटीप जितकी लांब तितका परीक्षकांचा धीर लवकर खचतो.

साधनांत तंटा उद्भवल्यास गांगरून जाऊ नये. शिवजन्माची मिती रूढ समजुतीप्रमाणे शके १५४९ च्या वैशाखातली, तर टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेली जेधे शकावली शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया सांगते. परमानंदाचे शिवभारत आणि दूर राजस्थानात सापडलेली जन्मपत्रिका जेध्यांच्या बाजूने स्वतंत्रपणे ग्वाही देतात, ही तपासणी करण्यात व्यर्थ कालापव्यय होतो. दोन्ही शकांची बेरीज करून दोहोंनी भाग द्यावा: शके १५५० हा येणारा आकडा यांपैकी एकाही कागदात नसल्यामुळे तो सर्वस्वी स्वतंत्र संशोधन ठरतो. वर ‘विद्वानांत याविषयी मतैक्य नाही’ हे वाक्य जोडावे, म्हणजे कोणाची नाराजी राहत नाही.

ही रीत अनुभवसिद्ध आहे. माझ्या स्वतःच्या प्रबंधात एका तहाच्या मितीस सहा ग्रंथांचा आधार होता आणि सहाही ग्रंथ विलक्षण एकमताने ‘श्रेष्ठ शुद्ध पंचमी’ म्हणत होते. मौखिक परीक्षेच्या वेळी वृद्ध परीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवून ते पान डोळ्यांशी नेले, ‘श्रेष्ठ’वर बराच वेळ बोट ठेवले आणि अत्यंत मायेने विचारले, “ज्येष्ठाच्या जागी हा खिळा आमच्या पुस्तकात चुकून बसला होता, उरलेल्या पाचांकडे तो कसा पोचला, याचा काही शोध घेतलात का?”