पेटी देणे आहे

महाराष्ट्राच्या नागर संगीतजीवनाचा विचार करताना गायक, वादक आणि श्रोता यांच्याबरोबर आणखी एका घटकाची दखल घेणे आता अपरिहार्य झाले आहे, आणि तो म्हणजे घरातले जुने वाद्य विकायला काढणारा गृहस्थ. त्याला वाद्य घराबाहेर जायला हवे असते, परंतु आपण विक्रेते आहोत हे मान्य नसते. त्यामुळे त्याच्या जाहिरातीत वाद्य ‘योग्य व्यक्तीस देणे’ असते आणि किमतीच्या जागी ‘प्रत्यक्ष भेटीत बोलू’ एवढाच मजकूर आढळतो.

हे वाद्य बहुधा पेटी, म्हणजे हार्मोनियम, असते. अलेक्सांद्र दबें याने 1842 साली पॅरिसमध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले, ही माहिती जाहिरातीत असते. पेटी घरात कोणत्या साली आली, ही नसते. ऑल इंडिया रेडिओने 1940 साली पेटीवर घातलेली बंदी शिथिल व्हायला 1971 साल उजाडले, या इतिहासाचाही हा गृहस्थ उपयोग करतो आणि आपली पेटी त्या काळातली असल्यामुळे मुळातच कमी वाजली आहे, असा निष्कर्ष काढतो. ती रेडिओवर वाजणार नव्हतीच, हा मुद्दा त्याला गौण वाटतो.

वास्तविक या व्यवहाराचा शिष्टाचार फार गहन नाही. पेटीतले सूर, म्हणजे हवेच्या झोताने कंप पावणाऱ्या पितळी जिभा, पॅरिसचे आहेत, जर्मन आहेत की गुजरातेतील पालिताण्याचे. ते एकेरी आहेत की दुहेरी. हवा भरणारा भाता किती गळतो. आजवर दुरुस्ती काय झाली आणि किंमत किती, एवढे सांगितले की विकणाऱ्याचे कर्तव्य संपते. परंतु दोष लपवणे अप्रामाणिकपणाचे आणि सांगणे तोट्याचे, अशा पेचातून हा गृहस्थ दोषाला गुणाचा दर्जा देऊन सुटतो. एखादा सूर पट्टी न दाबताच वाजत असेल, तर पेटी ‘अतिशय बोलकी’ ठरते. भाता उंदराने कुरतडला असेल, तर ‘थोडा हात फिरवून घ्यावा लागेल’. आणि विकायचे वाद्य तानपुरा असून त्याच्या भोपळ्याला तडा असेल, तर तो तडा तानपुरा अस्सल मिरजेचा असल्याचा पुरावा म्हणून दाखवला जातो. मिरजेच्या तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर त्या तड्याचीही किंमत वाढली आहे. छायाचित्रांतही पेटीवरची विणलेली खोळ, शेजारची समई आणि मागची तसबीर स्पष्ट दिसते. आतल्या सूरपटाचे, म्हणजे सूर बसवलेल्या फळीचे, छायाचित्र मागितल्यास मात्र ‘विश्वास नसेल तर राहू द्या’ असे उत्तर येते.

खरी परीक्षा प्रत्यक्ष भेटीत होते. पेटी पाहायला आलेला भजनी मंडळाचा पेटीवाला अनुभवी असेल, तर तो राग वगैरे वाजवत नाही. भाता भरतो, एकही पट्टी न दाबता हात मांडीवर ठेवतो आणि हवा किती वेळ टिकते ते पाहत स्वस्थ बसतो. त्या शांततेत पेटीतून बारीक सुस्कारा ऐकू येऊ लागताच गृहस्थ उठून पंखा वाढवतो, स्वयंपाकघराकडे पाहून चहाची चौकशी करतो आणि आजोबांच्या काळी या पेटीवर कोणाकोणाची बोटे फिरली त्याची यादी सुरू करतो. यादीतली एकही व्यक्ती हयात नसते, हा योगायोग म्हणावा लागेल.

हाच गृहस्थ घेणाऱ्याच्या भूमिकेत गेला की त्याची मूल्यव्यवस्था उलटी होते. विकताना जे वय म्हणजे मुरलेला नाद असतो, तेच घेताना झीज ठरते. स्वतः किंमत न सांगणारा हा मनुष्य समोरच्याला पहिल्याच निरोपात ‘शेवटचे किती?’ असे विचारतो, प्रत्येक पट्टीचा वेगळा व्हिडिओ मागवतो, इतरांना थांबायला लावतो आणि आठवडाभराने ‘घरचे नको म्हणतात’ असे कळवतो. आधी विचारणाऱ्याचा हक्क आधी, हा नियम त्याला तोंडपाठ असतो, मात्र तो नेहमी दुसऱ्याने पाळायचा असतो.

शेवटी त्याच्या पेटीचा व्यवहार होतो, तो भेटीत सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास, खोळ फुकट देऊन आणि ‘अधूनमधून ऐकायला येईन’ या अटीवर. घेणारा पेटी कारागिराकडे नेतो, भाता नवा बसवतो, सूर साफ करून मिळवून घेतो आणि जवळपास किमतीइतकाच खर्च करतो. त्यानंतर एखाद्या एकादशीच्या भजनात ती पेटी ऐकण्याचा योग आला, की आपण ती फारच स्वस्तात दिली, अशी या गृहस्थाची पक्की खात्री होते.