वाघ सोडून बाकी

ताडोब्यात पक्षी बघायला आलोय म्हटलं की गाइड आधी दयेने पाहतो, मग धीर देतो, "दिसेल साहेब, वाघपण दिसेल." हरियल हा आपला राज्यपक्षी. वडावर फळं खाताना दिसला म्हणून थांबलो, तर मागे जिप्स्यांची रांग. "कुठाय?" "वर." "बिबट्या?" "कबुतर." त्यानंतर जे कानी पडलं ते हरियलने ऐकलं नसावं.

पक्षीअभ्यासक चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जयंत्या साधून सरकार ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह पाळतं. वाघाला सप्ताह लागत नाही. मंगळवारची साप्ताहिक सुट्टी सोडली तर हंगामभर रोज दोन वेळा जिप्स्यांची पंगत. गडचिरोलीत गिधाडांसाठी खास उपाहारगृहं काढलीत, तिथलं बुकिंग मात्र कधीच फुल्ल नसतं.